नाल्याची खोली कोण ठरवतो? खान्देशातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

नाला खोलीकरणाचे काम कागदावर असते तेव्हा त्याला लांबी, रुंदी, खोली आणि उतार असतो. पोकलेन नाल्यात उतरले की सगळ्यात आधी बदलते ती खोली. कारणे पुष्कळदा खरीही असतात. चाचणी खड्डा घेतला तिथे मुरूम दोन मीटरवर लागला होता, पुढच्या वळणावर तो मीटरभरातच लागतो. काठावरचा शेतकरी बांधाला हात लावू देत नाही. कुणाची तरी विहीर नको तितकी जवळ निघते. नाला जमिनीत आहे, नकाशात नाही, त्यामुळे बदल होणारच. तो कोणाला विचारून करायचा आणि परवानगी देणाऱ्याने काय तपासायचे, हा खरा वादाचा मुद्दा. खान्देशात हा वाद जुना आहे, आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर पैशाची तपासणी कडक व पाण्याची ढिली राहिलेली दिसते.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत तीनशे-चारशे वर्षांची मानली जाते. दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, आणि एका फडात एकच पीक, अशी तिची मांडणी. पाटकरी, जागल्या यांच्याकडे पाण्याची राखण, आणि पावसाळ्याआधी पाट साफ करणे हे लाभधारकांचेच काम. एकाच नदीवर एकाखाली एक बंधारे असल्यामुळे वरच्याने भिंत हातभर चढवली की खालच्याला ते उन्हाळ्यात कळायचेच. म्हणजे बदलाची तपासणी करणारा माणूस पुढच्याच गावात बसलेला होता. अर्थात या पद्धतीचे फार गोडवे गाण्यात हशील नाही. बोलण्याचा अधिकार फडात जमीन असणाऱ्याचा होता. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला कोणी विचारत नव्हते.

इंग्रजी अमलात ही जागा सार्वजनिक बांधकाम खात्याने घेतली. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा आला, आणि त्याबरोबर मंजूर अंदाजपत्रक ही बांधकामावरची सर्वांत मोठी सत्ता ठरली. १८८४ मध्ये नुकतेच नोकरीत लागलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या धुळ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला पांझरेवर नळाच्या सायफनचे, म्हणजे पात्र ओलांडून पाणी नेणाऱ्या नळाचे, काम आले. पावसात नदीच्या पात्रात काम करणे कठीण, म्हणून ते पावसाळ्यानंतर करावे असे त्यांनी वर कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि विश्वेश्वरय्यांनी काम तडीला नेले. तरुण अभियंत्याच्या जिद्दीची गोष्ट म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मला त्यात दुसरेच दिसते: नदी काय म्हणते हे जागेवरच्या माणसाने वर कळवले, आणि वरून उत्तर आले ते वेळापत्रकाचे.

स्वातंत्र्यानंतर कागद मराठीत आले, पण चौकट तीच राहिली. महाराष्ट्रात बांधकामाच्या कंत्राटासाठी वापरला जाणारा ‘बी-१’ नमुना पाहा. त्याचे चौदावे कलम सांगते की काम चालू असताना संकल्पचित्रात बदल केला म्हणून कंत्राट रद्द होत नाही. अभियंत्याने लेखी सांगितलेला बदल कंत्राटदाराने करायचा. अडतिसावे कलम परिमाणांचे. निविदेतल्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढ झाली तर दर तोच, त्यापुढे दराचा पुन्हा विचार. निविदेत नसलेली बाब करावी लागली तर तिची वेगळी दरयादी मंजूर करून घ्यायची. खर्च फारच वाढला तर ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात बसून चहा घेतलेल्या कोणालाही हा शब्द पाठ असतो. या सगळ्या पायऱ्या गरजेच्या आहेत, त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. पण त्यांतली एकही पायरी विचारत नाही की या बदलामुळे प्रवाहाचे, काठाचे किंवा शेजारच्या विहिरीचे काय होईल.

आणि पैशाचा पहारा तरी किती चोख होता? १९९७ मध्ये जळगावला तापी पाटबंधारे विकास महामंडळ आले. २०१२ मध्ये राज्यभरच्या सिंचन प्रकल्पांवरून गदारोळ झाला, श्वेतपत्रिका निघाली आणि जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी समिती नेमली गेली. वाढत गेलेल्या किमती आणि त्यांना मिळत गेलेल्या मान्यता हाच त्या वादाचा गाभा होता. मोठ्या धरणांवरचा उजेड इतका प्रखर होता की नाल्यांकडे कोणाचे लक्ष जायचे कारण नव्हते.

नाल्यांची गोष्ट तोवर शिरपूरला सुरू झालेली होती. भूजल सर्वेक्षणातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि आमदार अमरीश पटेल यांनी २००४ पासून शिरपूर तालुक्यात नाले खोल व रुंद करून त्यांवर ओळीने सिमेंट बंधारे घालायला सुरुवात केली. तापीकाठच्या गाळाच्या प्रदेशात वरचा चिकणमातीचा थर पाणी मुरू देत नाही. तो फोडून खालच्या वाळू-रेतीच्या थरापर्यंत पोहोचले की पाणी खाली जाते, हा त्यामागचा तर्क. तिथल्या भूस्तराला तो लागूही पडतो. विहिरींना पाणी वाढले, राज्यभरातून पाहुणे येऊ लागले, आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव रूढ झाले.

पण धुळे-नंदुरबारचा पुष्कळसा भाग गाळाचा नाही, काळ्या पाषाणाचा आहे, आणि त्यात डाइकच्या, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या, उभ्या भिंती जागोजागी घुसलेल्या आहेत. अशा जागी पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. नाला त्या थराच्याही खाली नेला तर काठच्या जमिनीतले पाणी उलट नाल्यात झिरपते. पावसाळ्यात भरलेला नाला पाहून गाव खूश, आणि फेब्रुवारीत विहीर तळाला. शिरपूरला जो बदल पाणी देतो तोच साक्रीच्या पठारावर पाणी नेऊ शकतो. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेतल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांनी सरसकट अनुकरणावर आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर. मग २०१३ च्या मे महिन्यात शासन निर्णय निघाला. खोलीकरण तीन मीटरपर्यंत, आणि वाळूचा साठा असलेल्या नाल्याला हात लावायचा नाही, अशा अटी त्यात होत्या. नाल्याच्या बाबतीत पाण्याच्या अंगाने घातलेली ही पहिली ठळक मर्यादा म्हणायला हरकत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले आणि मर्यादेची परीक्षा सुरू झाली. यश मोजले जायचे ‘टीसीएम’मध्ये, म्हणजे किती हजार घनमीटर साठा तयार झाला यात. खोदाईचे बिलही घनमीटरवर. कृषी, लघुसिंचन, वन अशी खाती वेगवेगळी. कुठे मशीन स्वयंसेवी संस्थेचे आणि डिझेल सरकारचे. आता या जुळणीत नाला एक मीटर जास्त खोल गेला तर कोणाचे काय बिघडते? साठ्याचा आकडा वाढतो, बिल वाढते, गाव टाळ्या वाजवते. बदल अडवण्यात रस असलेला एकही माणूस त्या साखळीत नव्हता. यासाठी कोणाची लबाडी धरून चालायची गरज नाही; मोजमापच तसे होते.

अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या अभियानाविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २०२० मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा उपयोग झाला नाही असा ठपका ठेवला, आणि त्याच वर्षाअखेर निवृत्त अधिकारी विजय कुमार यांच्या समितीकडे चौकशी गेली. राजकारण व्हायचे तेवढे झाले. मात्र ही सगळी तपासणी काम संपल्यावरची. बुजलेला थर पुन्हा उघडता येईल, फोडलेला थर परत बसवता येत नाही.

पर्यावरण कायद्याची वाटही अरुंदच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर वाळू-मुरमासारख्या गौण खनिजांच्या लहान उत्खननालाही पर्यावरण मंजुरी लागू लागली, पण जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने देखभालीसाठी नदी, कालवे, धरणे यांतला गाळ काढणे मंजुरीतून वगळले. गाळ काढणे कुठे संपते आणि तळ खोदणे कुठे सुरू होते, हे मग जागेवर ठरते.

अमेरिकेत ओढे पूर्ववत करण्याच्या कामांना १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याच्या ४०४ व्या कलमाखाली लष्कराच्या अभियंता विभागाचा परवाना लागतो. दुसरीकडे केलेल्या नुकसानीची भरपाई म्हणून करायच्या अशा कामांसाठी २००८ चे नियम आहेत. मंजूर आराखड्याप्रमाणे बांधता येत नसेल तर आधी कळवायचे, मोठ्या फेरबदलाला संमती घ्यायची, आणि पुढे किमान पाच वर्षे निरीक्षण करायचे. परवान्यांना वेळ लागतो ही तिथलीही जुनी तक्रार आहे. आपल्याकडे तो सगळा डोलारा प्रत्येक गावनाल्यासाठी उभारणे शक्यही नाही आणि मला तरी ते नको वाटते. उन्हाळ्याचे तीन महिने परवानगीतच जातील.

गंमत अशी की लागणारी माहिती आपल्याकडे लिहिली जाते. मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात, मऊ मुरूम किती, कठीण मुरूम किती, खडक किती हे नोंदवावेच लागते, कारण प्रत्येकाचा दर वेगळा. म्हणजे नाल्याचा तळ कोणत्या थरात थांबला हे बिलाच्या निमित्ताने कागदावर येते. ते वाचतो तो लेखाविभाग. काम चालू असतानाच ही नोंद जिल्ह्याच्या भूवैज्ञानिकाकडे गेली आणि ठरलेला थर ओलांडला की मशीन थांबवायचा अधिकार त्याला मिळाला, तर नवे खाते काढावे लागणार नाही.

जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करारही केला. तिचा भर सातपुड्याच्या पायथ्यावर आहे. चोपडा, यावल, रावेरकडचा हा बझाडा पट्टा, गोटे आणि रेतीचा, केळीसाठी उपसून कोरडा पडत चाललेला. तिथे गोट्यांचा थर कुठे जाड, कुठे पातळ, मध्येच चिकणमातीची पट्टी, हे खोदल्याशिवाय कळत नाही. कालवा असो की पुनर्भरणाचा खड्डा, आराखडा कामावर बदलावाच लागेल. त्या बदलाच्या कागदावर भूवैज्ञानिकाची सही कोणत्या टप्प्यावर लागेल, हे निविदा निघण्याआधी ठरवायला हवे, कारण कार्यारंभ आदेशानंतर चौदावे आणि अडतिसावे कलमच बोलते.