हृदयापर्यंत गेलेली पहिली नळी

डीएम कार्डिऑलॉजीला, म्हणजे हृदयरोगाच्या सर्वोच्च पदवीला, नुकताच लागलेला रेसिडेंट कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेत बघत हृदयापर्यंत नळी घालायच्या खोलीत, उभा असतो तेव्हा त्याच्या अंगावर शिशाचा जड एप्रन आणि गळ्याला तसलीच कॉलर असते. काम मात्र फारसं नसतं. ट्रॉलीवरची वायर ओली ठेवायची, रक्तदाब मोजणाऱ्या प्रेशर लाइनमध्ये हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचं आणि सर काय करतात ते डोळ्यांत साठवायचं. इंटर्नशिपसकट एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची ३ आणि आता डीएमची ३. प्रवेश परीक्षांत एखादं वर्ष गेलं नाही, तरी बारावीनंतर एकूण साडेअकरा वर्षं होतात. तिशीकडे झुकलेला हा माणूस घरच्यांच्या लेखी अजून ‘शिकतोच आहे’.

ज्या नळीला हात लावायला त्याला अजून परवानगी नाही, ती जिवंत माणसाच्या हृदयात गेल्याचा एक्स-रे पुरावा जगापुढे पहिल्यांदा ठेवला तो अशाच एका ज्युनिअरने, आणि तोही परवानगी नसताना.

वेर्नर फोर्समान १९२९ साली २५ वर्षांचा होता. बर्लिनच्या ईशान्येला एबर्सवाल्डे नावाचं गाव आहे, तिथल्या छोट्या इस्पितळात तो शस्त्रक्रिया शिकत होता. त्या काळी अगदीच जिवावर बेतलं तर छातीतून सुई खुपसून औषध थेट हृदयात देत, आणि त्यात हृदयालाच इजा होण्याची भीती असे. फोर्समानने पुस्तकात एक जुनं चित्र पाहिलं होतं. १८६१ साली शोव्हो आणि मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयात नळी घातली होती आणि घोडा शांत उभा होता. मग माणसाच्या कोपरातल्या शिरेतून का जाता येऊ नये? त्याचे वरिष्ठ रिखार्ड श्नायडर हे त्याच्या घरच्यांच्या ओळखीचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं, रुग्णावर नाही आणि स्वतःवरही नाही.

पुढचा प्रसंग खुद्द फोर्समानने आत्मचरित्रात लिहिला आहे, त्यामुळे त्यात मीठमसाला किती हे ज्याने त्याने ठरवावं. निर्जंतुक साहित्याच्या कपाटाची किल्ली गेर्डा डित्सेन या परिचारिकेकडे होती. त्याने तिला बरेच दिवस आपली कल्पना पटवली, इतकी की ती स्वतःवरच प्रयोग करून घ्यायला तयार झाली. त्याने तिला टेबलावर झोपवून हातपाय बांधले, पाठ वळवली आणि गुपचूप स्वतःच्या डाव्या कोपराला भूल दिली. शीर उघडून त्याने नळी आत सरकवली. ही नळी मुळात मूत्रवाहिनीत घालायची, लांबी ६५ सेंटिमीटर. मग डित्सेनला सोडवलं आणि दंडातून नळी लोंबत असताना दोघं जिने उतरून तळघरातल्या एक्स-रेच्या खोलीत गेली. तिथे डित्सेनने आरसा धरला. त्यात पडद्यावरचं चित्र बघत त्याने नळी पुढे ढकलली आणि टोक उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, दिसल्यावर फोटो काढून घेतला.

मला यात धाडसापेक्षा ते जिने जास्त लक्षात राहतात. आणि डित्सेनही. तिला फसवलं गेलं, तरी आरसा तिनेच धरला.

नोव्हेंबर १९२९मध्ये शोधनिबंध छापून आला, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला आणि नंतर तो ज्या बर्लिनच्या शारिटे इस्पितळात गेला तिथून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला गेला. असली कामं सर्कशीत करावीत, असं तिथले विभागप्रमुख झाउअरब्रुख म्हणाल्याचं सांगतात. ज्या शाखेची नळी उसनी घेतली, त्या मूत्ररोगशास्त्रातच अखेर फोर्समान स्थिरावला. १९३२मध्ये तो नाझी पक्षात गेला, युद्धात लष्करी डॉक्टर होता, मग युद्धकैदी झाला. त्याला निव्वळ अन्याय झालेला नायक करून टाकणाऱ्या गोष्टी हा भाग सहसा गाळतात.

श्नायडर यांचा नकार अगदीच खुळचट होता असंही नाही. हृदयात नळी जाते हे कळलं, पण गेल्यावर करायचं काय? त्याचं उत्तर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात मिळालं. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे काढायचं सूत्र आडोल्फ फिक यांनी १८७० सालीच मांडलं होतं. त्यासाठी सगळ्या शरीरातून परतून उजव्या बाजूला मिसळलेलं रक्त लागतं, आणि ते माणसातून काढायची सोय नव्हती. आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी फोर्समानची वाट वापरून ते रक्त मिळवलं. १९४१पासून त्यांचे अहवाल येऊ लागले. युद्धकाळात शॉकमध्ये गेलेल्या जखमींमध्ये रक्ताभिसरणाचं नेमकं काय बिघडतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९५६चं नोबेल तिघांत वाटलं गेलं, तेव्हा फोर्समान बाड क्रॉइट्सनाख या गावात प्रॅक्टिस करत होता.

इथवरची कथा शिरेची आणि हृदयाच्या उजव्या बाजूची. हार्ट अटॅक येतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीमुळे, आणि धमनी एक्स-रेत दिसावी म्हणून तिथे रंगद्रव्य थेट सोडलं तर माणूस दगावेल अशी सगळ्यांची समजूत. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या रुग्णाची महाधमनी तपासत असताना नळी घसरून उजव्या कोरोनरीत शिरली आणि रंगद्रव्याचा मोठा डोस आत गेला. हृदय थांबलं. सोन्स यांनी रुग्णाला खोकायला सांगितलं, तो खोकला आणि ठोके परत सुरू झाले. कोरोनरी अँजिओग्राफी जन्मली ती या घोटाळ्यातून.

अडथळा दिसू लागला, पण तो काढायचा कसा? १९६४मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी पायाची अरुंद झालेली धमनी नळ्या घालूनच रुंद केली होती. झुरिकमधल्या आंद्रेआस ग्रुंत्सिगने त्या नळीच्या टोकाला फुगा बसवायचं ठरवलं. त्याची कार्यशाळा म्हणजे घरातलं स्वयंपाकाचं टेबल. ड्यूटी संपल्यावर तो, त्याची पत्नी आणि सहायक मारिया श्लुम्प्फ तिथे बसून प्लास्टिकच्या नळ्या, दोरा आणि गोंद घेऊन फुगे बनवत. फुगा नुसता फुगून चालत नव्हता. रबरासारखा वाट्टेल तसा न पसरता तो ठरलेल्या जाडीला थांबायला हवा होता, नाहीतर धमनीच फाटायची. १९७६मध्ये त्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांचं पोस्टर अमेरिकेतल्या परिषदेत लावलं तेव्हा बऱ्याच जणांनी ते हसण्यावारी नेलं.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर ३८ वर्षांचा, रुग्णही ३८ वर्षांचा. फुगा दोनदा फुगवला, अडथळा दबला. दहा वर्षांनी त्या रुग्णाची पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हा धमनी उघडीच होती. ग्रुंत्सिग मात्र ती बघायला नव्हता. ऑक्टोबर १९८५मध्ये स्वतःचं छोटं विमान चालवताना झालेल्या अपघातात तो गेला होता.