स्ट्रीमर बांधायला शिकताना: नदीसाठी आणि समुद्रासाठी

पिसे, केस आणि दोरा गळावर बांधून केलेल्या नकली आमिषाला फ्लाय म्हणतात. त्यातला छोट्या माशासारखा दिसणारा म्हणजे स्ट्रीमर. तो पाण्यावर तरंगत नाही, पाण्याखालून ओढायचा असतो. मरळीसारखा शिकारी मासा त्याला खरा मासा समजून धरतो. बेळगावच्या माणसाला खानापूरकडे मलप्रभा जवळ आणि चोर्ला घाट उतरला की गोव्याचा समुद्रही जवळ. त्यामुळे आमचे ग्राहक पहिल्याच दिवशी विचारतात, "दोन्हीकडे चालेल असं काय शिकू?"

आमचे उत्तर असे: आधी वुली बगर, मग क्लाऊझर मिनो. हे दोन हाताला बसेपर्यंत तिसरा नमुना घेऊ नका आणि आमच्याकडूनही जास्तीचे सामान नेऊ नका.

वुली बगरसाठी ६ किंवा ८ नंबरचा लांब दांड्याचा गळ घ्या. बांधताना गळ व्हाईसमध्ये, म्हणजे घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात लावा. व्हाईस काय असते हे उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम केलेल्यांना सांगायला नको. इथली व्हाईस लहान असते एवढेच. गळाच्या दांड्यावर शिशाच्या तारेचे दहा-बारा वेढे द्या, म्हणजे फ्लाय खाली जाईल. मागे मॅराबूची, म्हणजे मऊ, लवदार पिसाची शेपटी बांधा, दांड्याइतकीच लांब. मग दांड्यावर शनील, म्हणजे मखमली लव असलेला जाड धागा गुंडाळा आणि शेवटी कोंबड्याचे एक पीस विरळ वेढ्यांनी पुढे आणा. कोंबड्याचे पीस गावरान कोंबड्याच्या मानेचे किंवा पाठीचे चालते. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा.

सगळ्यांची चूक एकाच जागी होते. सामान पुढे सरकत सरकत गळाच्या नेढ्यावर येते आणि गाठ मारायला जागाच उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच नेढ्यामागे दोन नेढ्यांएवढी जागा मोकळी सोडा. दुसरी गोष्ट दोऱ्याची. एकदा मुद्दाम दोरा तुटेपर्यंत ओढून पाहा. किती ताणला की तुटतो हे बोटांना कळले की त्याच्या जरा अलीकडे थांबता येते. सैल बांधलेला फ्लाय दिसायला छान असतो, पण दोन माशांत उसवतो.

क्लाऊझर मिनो हा बॉब क्लाऊझर यांनी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीतल्या बास माशासाठी बांधला. नदीचा हा फ्लाय पुढे जगभरच्या समुद्रांत चालला, म्हणून तो शिका असे आम्ही आग्रहाने सांगतो. त्यात धातूचे जड डोळे दांड्यावर बांधतात, नेढ्यापासून साधारण एक तृतीयांश मागे. दोरा आठच्या आकड्यासारखा फिरवा, मग डोळ्यांच्या बुडाशी आडवे वेढे देऊन आवळा आणि गोंदाचा थेंब सोडा. डोळे वळता कामा नयेत. या वजनाने गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहते आणि खडकात कमी अडकते. केस बांधताना पहिले दोन वेढे हलके द्या, तिसरा घट्ट. केस थोडेच घ्या. हाताला कमी वाटले तरी पाण्यात तेवढेच पुरतात. जाड झुपका ओढताना वळवळत नाही. चमक हवी असेल तर शहापूर-वडगावच्या मागावरच्या प्लास्टिकच्या जरीचे दोन-तीन धागे पुरेत.

समुद्रासाठी गळ बदला: १/० नंबरचा, स्टेनलेस किंवा कथिलाचा मुलामा असलेला. नदीचा साधा पोलादी गळ खाऱ्या पाण्यात गंजतो आणि डबीतल्या दुसऱ्या गळांनाही गंज लावतो. दोराही जाड घ्या. तांबोशी आणि कोकर या समुद्रातल्या माशांची ओढ वेगळीच असते. परत आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच डबीत ठेवा.

घरी बादलीत फ्लाय ओढून पाहा. एका कुशीवर पडत असेल तर डोळे तिरपे बसलेत किंवा केस एका बाजूला गेलेत. ते उसवून पुन्हा बांधा.

एक विनंती. जुन्या इंग्रजी नमुन्यांत माशाचे डोळे म्हणून रानकोंबड्याच्या मानेची पिवळट ठिपक्यांची पिसे वापरत. तो राखी रानकोंबडा आपल्या खानापूरच्या जंगलातला पक्षी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. ती पिसे आम्ही विकत नाही आणि कोणी आणून दिली तरी घेत नाही. रंगवलेले कोंबड्याचे पीस तेच काम करते. तसेच पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात, तेव्हा चढणीचा मासा धरू नका. ते दिवस बांधणीला द्या. बाहेर धो धो पाऊस असतो, हात घरात मोकळे असतात. धरणावर जाण्याआधी परवानगीची चौकशी करा.

पिसांना कसर लागते. डबीत डांबरगोळी टाका आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.

तुमचे पहिले पाच-सहा फ्लाय टाकून देऊ नका, दुकानात घेऊन या. दोरा कुठे सैल पडला, कुठे जागा संपली, हे आपण समोर बसून पाहू. त्याचे पैसे घेत नाही.