लोकवाटा भरला म्हणजे सहभाग झाला का? गावच्या पाणी योजनांची पार्श्वभूमी

घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनच्या कामावरून सध्या ग्रामसभांमध्ये जी भांडणं होतायत ती 'लोकवाटा', म्हणजे योजनेच्या खर्चातला गावानं भरायचा हिस्सा, या एका शब्दापाशी येऊन अडतात. श्रमदान विदर्भाला नवं नाही, मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ते खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव पोचवलं. 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, पण विहीर कुठं खोदायची ते साहेबच ठरवायचे.

खरा फरक पडला तो 2000 च्या आसपास. मागेल त्या गावाला योजना आणि गावानं खर्चाचे 10 टक्के भरायचे असं धोरण आलं, 2002 ची स्वजलधारा, नंतर जलस्वराज्य, या पाणी योजनांत सगळीकडे हेच. विचार चुकीचा नव्हता, पैसा घातला की माणूस हिशोब विचारतो. पण कोरडवाहू कापसाच्या गावात मजुरीवर चालणाऱ्या घरानं रोख आणायची कुठून? आमच्याकडं शेवटी वाटा ठेकेदारानंच भरला, पावत्या लोकांच्या नावावर फाडल्या, आणि पाइप इतका वर का गाडला म्हणून एका बाईनं विचारलं तर "तुह्ये किती पैसे हायेत त्यात?" असं उत्तर मिळालं. ती गप्प बसली, ते मला अजून टोचतं. वर्गणी आपण मंदिराला खुशीनं देतो, वाटा नियमानं भरावा लागतो, आणि सहभाग म्हणजे निर्णयात हात असणं, पण कागदावर तिन्ही एकाच रकान्यात गेले आणि पावती असली की सहभाग झाला असं ठरलं.

निर्णयात हात असला की काय होतं ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात दिसतं. त्याला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावानं मिळून राखायचा-वापरायचा हक्क, 2009 मध्ये मिळाला, 2011 पासून बांबू ग्रामसभाच विकू लागली. तिथं सर्वांची संमती होईपर्यंत निर्णय नाही ही रीत हक्काच्या कागदाच्या कितीतरी आधीची, म्हणून हक्क आला तेव्हा तो पेलायला माणसं तयार होती.

2015 पासून ग्रामपंचायतीचा विकास आराखडा गावानंच करायचा आहे, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (2021 ते 2026) ग्रामपंचायतीला मिळणारा 60 टक्के निधी पाणी अन् स्वच्छतेला आधीच बांधलेला होता. 2019 च्या जलजीवनमध्ये लोकवाटा पुन्हा 10 टक्के, डोंगराळ-जंगली भागात आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत 5, तो श्रमातूनही देता येतो. हे ठरवायची ग्रामसभा मात्र अनेकदा 15 ऑगस्टला, म्हणजे निंदणाच्या दिवसांत, नाहीतर 2 ऑक्टोबरला, सोयाबीनची सोंगणी चालू असताना. पाणी भरणाऱ्या बाया तेव्हा वावरात असतात.