नियम एकच, अंमलबजावणी वेगवेगळी : अमेरिकी शहरांच्या उपविधींची पार्श्वभूमी

अमेरिकेतील शहरे आपापल्या हद्दीपुरते उपविधी करतात आणि अंगणातल्या गवताच्या उंचीपासून दुकानाच्या परवान्यापर्यंत अनेक गोष्टी त्यांतून ठरतात. असा नियम कागदावर सर्वांना सारखा असला, तरी तो राबवताना भेदभाव झाल्यास काय करायचे, या प्रश्नाला तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठोस उत्तर दिले ते सॅन फ्रान्सिस्कोतील एका लाँड्रीच्या खटल्यात.

लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची असेल, तर बोर्ड ऑफ सुपरवायझर्स या शहराच्या निर्वाचित मंडळाची संमती घ्यावी, असा उपविधी तेथे १८८० मध्ये झाला. आगीचा धोका हे कारण वरकरणी रास्तच होते. मात्र शहरातील सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडी इमारतींत होत्या, सुमारे २४० चिनी लोकांच्या होत्या आणि संमती कोणत्या निकषांवर द्यायची, याविषयी उपविधीत चकार शब्द नव्हता. दोनशेच्या आसपास चिनी अर्जदारांपैकी एकालाही संमती मिळाली नाही. इतरांपैकी जवळपास सर्वांना ती मिळाली. खटल्यात यिक वो या नावाने नोंदला गेलेला दुकानदार त्याच जागेत २२ वर्षे व्यवसाय करत होता आणि जागा सुरक्षित असल्याचा अग्निशमन अधिकाऱ्यांचा दाखलाही त्याच्यापाशी होता. तरीही त्याला १० डॉलर दंड झाला आणि तो न भरल्यामुळे तुरुंगात जावे लागले. न्यायालयाने १० मे १८८६ रोजी एकमताने त्याच्या सुटकेचा निकाल दिला : नियमाचे शब्द निःपक्षपाती असले, तरी दुष्ट नजरेने आणि असमान हाताने राबवलेला नियम समान संरक्षणाच्या घटनात्मक हमीचा भंग करतो.

मनमानीला वाव देणारी संदिग्ध भाषा त्यानंतरही टिकली. ‘विनाकारण भटकणाऱ्यांना’ अटक करण्याची मुभा देणारा जॅक्सनव्हिल शहराचा उपविधी १९७२ मध्ये रद्द झाला, तोही याच दोषापायी.

पुढे प्रश्नाला पैशाचे परिमाण जोडले गेले आणि माझ्या मते हाच या इतिहासातला सर्वांत चिंताजनक भाग आहे. मिझुरी राज्यातील फर्ग्युसन शहराविषयी केंद्रीय न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. शहराने त्या आर्थिक वर्षात अपेक्षिलेल्या सुमारे १ कोटी ३३ लाख डॉलरच्या सर्वसाधारण महसुलापैकी सुमारे ३१ लाख डॉलर दंड आणि शुल्कातून यायचे होते. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा ६७ टक्के असताना, रस्त्यावरून चुकीच्या पद्धतीने चालल्याच्या आरोपांपैकी ९५ टक्के त्यांच्यावरच होते.

असा भेदभाव न्यायालयात सिद्ध करणे मात्र आजही अवघड आहे. १९९६ च्या आर्मस्ट्राँग खटल्यातील निकालानुसार, वंशाच्या आधारे निवडून खटला भरल्याचा दावा करणाऱ्याला, तशाच परिस्थितीतील इतर वंशाच्या लोकांवर कारवाई झाली नाही, हे आधी पुराव्यानिशी दाखवावे लागते. आणि तो पुरावा बहुतेकदा ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, त्या यंत्रणेच्याच दप्तरात असतो.