कंदील, बंब आणि विहिरीचं पाणी

सोलापूरकडे जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरण्याआधी जाणती माणसं पेटता कंदील दोराने खाली सोडून बघतात. तो विझला तर त्या दिवशी कुणी उतरत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तळाशी कोंदून राहतो. हाच वायू पाण्यात काय करतो, ते बंबाला चढलेल्या पांढऱ्या पुटांवरून कळतं. काळ्या मातीतली मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात. पावसाचं पाणी तो वायू घेऊन झिरपतं, त्याचं सौम्य कार्बोनिक आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत ते खाली उतरतं. आपलं जड पाणी असं घडतं.

जमिनीखालून जास्तीचा वायू आला तर? हा प्रश्न गेल्या काही दशकांतलाच. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराच्या तळाशी मुरलेला ज्वालामुखीचा वायू एका रात्रीत उसळला आणि सुमारे १,७०० माणसं गुदमरून गेली. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, नॉर्वेने उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर इथे वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याऐवजी समुद्रतळाखाली पुरायला सुरुवात केली. पुरलेला वायू जुन्या बोअरमधून किंवा भेगांमधून वर आला, तर त्याला आधी गाठ पडणार ती पिण्याच्या पाण्याची.

त्या पाण्याचं मग काय होतं, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातून आलं. २००८ च्या जुलैत बोझमनजवळ, जमिनीखाली जेमतेम दोन मीटरवर आडवी नळी टाकून महिनाभर रोज सुमारे ३०० किलो वायू मुद्दाम सोडला. भूजलाचा सामू (pH; तो जितका कमी, तितकं पाणी आम्ल) ७ वरून ५.६ वर आला. बायकार्बोनेट लिटरला ४०० मिलिग्रॅमवरून १,३०० च्या वर गेलं, विद्युतवाहकता तिप्पट झाली. लोह, मँगनीजही वाढलं. खरी काळजी इथे आहे: आम्ल धातू आणत नाही, खडकात आणि मातीच्या कणांवर आधीच असलेले धातू ते मोकळे करतं. त्यामुळे एका गावचा निकाल दुसऱ्या गावाला लावता येत नाही.

आपल्या पायाखाली आहे दख्खनचा बसाल्ट. त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या वायूला दगडात बांधू शकतात. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून बसाल्टात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांत खनिज झाला. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालातही साठवणुकीसाठी बसाल्टचा विचार आहे. फताटेवाडीजवळ १,३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र असलेल्या सोलापूर जिल्ह्याला ही गोष्ट लांबची वाटू नये. पण याच बसाल्टच्या वरच्या थरांतल्या मुरमात आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात आपल्या विहिरी आहेत.

२०११ मध्ये कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्रालगत, साठवलेला वायू शेतात येतोय, अशी तक्रार झाली. मातीतल्या वायूंची प्रमाणं ताडल्यावर तो मातीच्याच श्वासाचा निघाला. आपल्याकडे पावसाळ्यात हा श्वास वाढतो, उन्हाळ्यात मंदावतो. म्हणून मे महिन्यातल्या एका नमुन्यावर भागणार नाही. दख्खनमध्ये कुठेही वायू पुरायचं ठरलं, तर पहिला बोअर पडण्याआधी आसपासच्या विहिरींचा सामू, बायकार्बोनेट, वाहकता, लोह आणि मँगनीज निदान वर्षभर, प्रत्येक ऋतूत मोजून ठेवायला हवं, आणि ते आकडे गावाच्या हातात हवेत.