सबब मिळाली की दिसणारा वंशभेद

काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला तुमची मान्यता आहे का, असा प्रश्न गॅलप या संस्थेने 1958 साली अमेरिकी लोकांना विचारला, तेव्हा ‘हो’ म्हणणारे 4 टक्के होते. 2021 मध्ये हे प्रमाण 94 टक्क्यांवर गेलं. मतं एवढी पालटली, तरी नोकरी, घर आणि दवाखाना यांच्या दारात वर्णानुसार मिळणारी वागणूक त्या प्रमाणात का पालटली नाही? जॉन डोव्हिडिओ आणि सॅम्युअल गार्टनर या दोघा सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी आपलं बहुतेक आयुष्य याच प्रश्नाला दिलं.

बोलणं आणि वागणं यांत अंतर असतं, ही गोष्ट त्यांच्या आधीच नोंदली गेली होती, फक्त उलट्या दिशेने. रिचर्ड लापिएर हे समाजशास्त्रज्ञ 1930 ते 1932 या काळात एका चिनी जोडप्यासोबत मोटारीने अमेरिकाभर हिंडले. चिन्यांविरुद्धचा राग तेव्हा उघड होता. तरीही 250 हून अधिक हॉटेलं आणि खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून ‘चिनी ग्राहक घ्याल का?’ असं विचारलं. उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चक्क ‘नाही’ कळवलं. या अभ्यासावर आक्षेप बरेच आहेत. पत्राला उत्तर देणारा आणि गल्ल्यावर बसलेला माणूस एकच होता कशावरून? शिवाय हे जोडपं हसतमुख, नीटनेटकं होतं आणि सोबत एक गोरा प्राध्यापक होता. पण 1934 साली छापून आलेल्या या लेखाने प्रश्नावलीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची सोय कायमची काढून घेतली.

1954 हे वर्ष या विषयात दोन कारणांसाठी महत्त्वाचं. मे महिन्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं वर्णानुसार विभाजन घटनाबाह्य ठरवलं. निकालाच्या तळटिपेत केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख होता. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवून ‘चांगली कोणती’ असं विचारलं होतं, आणि बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली उचलली होती. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहावरचा ग्रंथ आला. दोन गट नुसते एकत्र आणून भागत नाही. त्यांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा, ही त्यांची मांडणी आजही अभ्यासक्रमात आहे.

1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर उघड द्वेष बोलून दाखवणं बऱ्याच ठिकाणी अशिष्ट ठरू लागलं. मग तो संपला, की दिसेनासा झाला? मनोविकारतज्ज्ञ जोएल कोव्हेल यांनी 1970 मध्ये वंशभेदाचे दोन प्रकार वेगळे केले. एक दडपणारा, जो समोर येऊन हात उगारतो. दुसरा ‘अव्हर्सिव्ह’, म्हणजे अंग चोरणारा: समतेवर मनापासून श्रद्धा, पण समोर कृष्णवर्णीय माणूस आला की आत कुठेतरी अवघडलेपण. ही कल्पना कोव्हेल यांची. ती प्रयोगाला लावली गार्टनर यांनी.

त्यांची युक्ती फार साधी होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या लिबरल (उदारमतवादी) आणि कॉन्झर्व्हेटिव्ह (परंपरावादी) या पक्षांच्या नोंदणीकृत गोऱ्या मतदारांच्या घरी फोन वाजे. पलीकडचा माणूस म्हणे की गाडी रस्त्यात बंद पडली आहे, सार्वजनिक फोनवरून गॅरेजला फोन लावत होतो, तो चुकून तुम्हाला लागला. आता खिशात नाणं उरलेलं नाही, तेव्हा माझ्या वतीने गॅरेजला एवढं कळवाल का? बोलण्याच्या ढंगावरून तो गोरा की कृष्णवर्णीय हे ऐकणाऱ्याला कळत असे. कॉन्झर्व्हेटिव्ह मतदारांनी गोऱ्याला 92 टक्के वेळा मदत केली, कृष्णवर्णीयाला 65 टक्के. लिबरल मंडळींत हे आकडे 85 आणि 75, म्हणजे अपेक्षेप्रमाणे फरक कमी. इथवर कोणाला नवल वाटलं नसतं. पण मदतीची गोष्ट निघण्याआधीच ज्यांनी ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवला, त्यांच्याकडे पाहिल्यावर चित्र फिरलं. लिबरल मतदारांनी गोऱ्याचा फोन असा 3 टक्के वेळा ठेवला होता, कृष्णवर्णीयाचा 19 टक्के वेळा. एकदा विनंती कानावर पडली की नाही म्हणणं जड जात होतं. कानावर पडण्याआधी सुटका करून घेण्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. मला या साऱ्या संशोधनात सर्वांत बोलकी वाटते ती ही फोन ठेवण्याची घाई.

डोव्हिडिओ तेव्हा डेलावेअर विद्यापीठात गार्टनर यांचे विद्यार्थी होते. 1977 मध्ये दोघांनी मिळून पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. गोऱ्या विद्यार्थिनी एका कामात गुंतलेल्या असताना शेजारच्या खोलीत खुर्च्यांची चळत एका मुलीवर कोसळल्याचा आवाज येई. आपल्याशिवाय हे ऐकणारं कोणी नाही असं वाटत होतं, तेव्हा सहभागींनी गोऱ्या मुलीसाठी 81 टक्के वेळा धाव घेतली आणि कृष्णवर्णीय मुलीसाठी 94 टक्के. आणखी दोघीजणी ऐकत आहेत असं वाटलं, तेव्हा गोऱ्या मुलीला मदत 75 टक्क्यांवर राहिली. कृष्णवर्णीय मुलीला ती 38 टक्क्यांवर आली. ‘दुसरं कोणी जाईलच’ ही सबब दोन्ही वेळा सारखीच उपलब्ध होती. ती वापरली मात्र एकीच्या बाबतीत जास्त.

अंग चोरणाऱ्या वंशभेदाच्या सिद्धान्ताचा गाभा इथेच आहे. काय योग्य हे स्पष्ट असतं, तिथे असा माणूस न्यायाने वागतो, कधी थोडा जास्तच. परिस्थिती मोघम असली आणि वर्णाशिवाय दुसरं कारण पुढे करता आलं, की भेद बाहेर येतो, आणि करणाऱ्यालाही तो भेद वाटत नाही. विद्यार्थी-समुपदेशकाच्या जागेसाठी उमेदवार निवडायला सांगून दोघांनी 1989 आणि 1999 मध्ये हेच तपासलं. उमेदवार उत्तम किंवा अगदीच सुमार असेल, तर वर्णाने फारसा फरक पडला नाही. मध्यम पात्रतेच्या उमेदवारांत मात्र गोऱ्याची शिफारस 76 टक्के वेळा झाली, कृष्णवर्णीयाची 45 टक्के. दरम्यानच्या दशकात प्रश्नावलीवरचा पूर्वग्रह घटला होता. निवडीतला भेद जागचा हलला नव्हता.

दडलेलं मोजायचं कसं, यावर अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये शब्द-चित्रांच्या जोड्या लावण्याच्या वेगावर आधारलेली चाचणी आणली. ती सर्वांपर्यंत पोचवण्यात सिकंदराबादेत जन्मलेल्या महझरीन बानाजी यांचा मोठा वाटा आहे. चाचणी गाजली आणि तिच्याभोवती कंपन्यांच्या प्रशिक्षणांचा धंदाही उभा राहिला. 2019 मध्ये 492 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, तेव्हा कळलं की चाचणीतले गुण थोडेफार हलवता येतात, पण त्यामुळे वागणं बदलतं असा पुरावा हाती लागत नाही. अर्ध्या दिवसाच्या वर्गावर विसंबणाऱ्यांना हे पचणं अवघडच होतं.

डोव्हिडिओ यांनी केरी कावाकामी आणि गार्टनर यांच्यासह 2002 मध्ये केलेला अभ्यास त्या मानाने कमी गाजला, पण मला तो अधिक उपयोगाचा वाटतो. गोरे सहभागी कृष्णवर्णीय जोडीदाराशी बोलले. त्यांचे शब्द त्यांनी उघड सांगितलेल्या मतांना धरून होते. नजर, हावभाव, अवघडलेपण हे मात्र संगणकावर मोजलेल्या नकळत प्रतिक्रियांना धरून होतं. गोऱ्याने आपलं वागणं स्वतःच्या शब्दांवरून तोललं, जोडीदाराने देहबोलीवरून. एकच भेट संपवून एक जण ‘छान झाली’ म्हणत उठला आणि दुसरा साशंक.

उपाय म्हणून डोव्हिडिओ आणि गार्टनर यांनी ‘आपण’ हे वर्तुळच मोठं करण्याची, म्हणजे दोन्ही गटांना आपण एकाच मोठ्या गटाचे आहोत असं वाटायला लावण्याची कल्पना मांडली. तिची मुळं दोन ठिकाणी सापडतात. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी 1954 च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या शिबिरात 22 मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावताच भांडणं पेटली, आणि तुटलेला पाणीपुरवठा सगळ्यांनी मिळून सुरू करण्यासारख्या कामांनी ती निवळत गेली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास दाखवलं की चित्रांच्या आवडीसारख्या क्षुल्लक कारणावरून गट पाडले, तरी मुलं आपल्या गटाला झुकतं माप देतात. नाझींच्या युद्धकैदेतून जिवंत परतलेल्या या पोलिश ज्यूला गट पाडणं किती स्वस्त असतं, हे प्रयोगशाळेबाहेरही ठाऊक होतं.

पण मोठ्या वर्तुळातही खाच आहे. तामार सागी, निकोल ताउश, डोव्हिडिओ आणि फेलिशिया प्राट्टो यांनी 2009 मध्ये प्रयोगशाळेत वरचढ आणि दुय्यम असे दोन गट केले. काहींना आपल्यातल्या साम्यावर बोलायला लावलं, काहींना फरकावर. साम्यावर गप्पा मारलेल्या दुय्यम गटाचं विषमतेवरचं लक्ष उडालं आणि वाटपात आपल्याला न्याय मिळेल असं त्यांना वाटू लागलं. वाटप वरचढ गटाच्या हाती होतं. त्यांनी दोन्ही वेळा आपल्याकडेच सारखं झुकतं माप ठेवलं.