राष्ट्रीय ओळखप्रणाली आणि नागरी संघटना

शासन रहिवाशांना ओळखक्रमांक देण्याची व्यवस्था उभारते तेव्हा तिचे नियम ठरवणे, नोंदणी आणि देखरेख या कामांत स्वयंसेवी संस्था, कामगारांच्या व अपंगांच्या संघटना, भाषिक मंडळे यांना सामील करून घेण्याची पद्धत. व्यवहारात या संस्थांना बोलावणे येते ते बहुधा नोंदणीच्या वेळी. अर्जातले रकाने तोवर ठरून गेलेले असतात.

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण २००९ मध्ये स्थापन झाले. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. ज्यांच्याकडे एकही कागद नाही अशा बेघरांसाठी, स्थलांतरित मजुरांसाठी परिचयकर्त्याची सोय होती. नेमलेली व्यक्ती, अनेकदा एखाद्या संस्थेची कार्यकर्ती, ‘मी यांना ओळखते’ असे सही करून सांगे. सोय चांगलीच होती, पण संस्थांचा सहभाग नोंदणीला हात लावण्यापुरता. आराखडा ठरवताना त्यांच्या शब्दाला जागा नव्हती. २०१० चे विधेयक संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये नापसंत केले, तरी नोंदणी चालूच राहिली आणि कायदा आला २०१६ मध्ये. मग आक्षेप न्यायालयात गेले. अरुणा रॉय, शांता सिन्हा या सामाजिक कार्यकर्त्याही याचिकाकर्त्यांत होत्या. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार वैध ठरवले, मात्र खासगी कंपन्यांना त्याचा वापर करू देणारा कलम ५७ चा भाग रद्द केला.

केनियातही कोर्टाचीच वाट धरावी लागली. त्या वेळी ओळखपत्रासाठी वेगळ्या पडताळणीला तोंड द्यावे लागणाऱ्या न्यूबियन या अल्पसंख्य समाजाच्या संघटनेने ‘हुडुमा नंबा’ या राष्ट्रीय ओळखक्रमांकाच्या योजनेला आव्हान दिले. जानेवारी २०२० च्या निकालाने डीएनए आणि राहत्या जागेचे जीपीएस स्थान गोळा करण्यास मनाई झाली.

भाषिक मंडळांना काय ठाऊक असते, हे इंदूरच्या मराठी घरांत दिसते. मध्य प्रदेशात आधारवरची स्थानिक भाषा हिंदी. तिच्या रोजच्या लेखनात ‘ळ’ नाही आणि नेहमीच्या रोमन लेखनातही तो वेगळा दाखवला जात नाही. त्यामुळे काळ्यांचे ‘काले’ होतात, मुळ्यांची तर चक्क ‘मुले’. त्याहून अवघड गाठ लग्नात नाव बदलण्याच्या जुन्या चालीची. एखाद्या आजींच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरची कुसुम, शिधापत्रिकेवर सासरची माधुरी. राज्याच्या ‘समग्र’ योजनेत कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याला नऊ अंकी क्रमांक असतो. तो आधारशी जुळवताना नावातला फरक आडवा येतो आणि आजी प्रतिज्ञापत्र घेऊन खेपा घालतात. इंदूरच्या रामबागेतल्या कोणाही काकूंना विचारले असते, तर ही अडचण त्यांनी आधीच सांगितली असती. आधारच्या अर्जात माहेरच्या नावाला रकाना नाही.